गरज माणसाची, युक्ती निसर्गाची

अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. आघाड्याची बोंडे धोतराला चिकटतात, पाल गुळगुळीत भिंतीवर सरसर चढते, सुगरण गवताच्या पात्यांतून वाऱ्यापावसाला दाद न देणारे घरटे विणते. हे सारे आपण रोज पाहतो. पण वस्तू बनवायला बसलो की त्याचा उपयोग करून घ्यायचे राहून जाते. फार तर पानाच्या आकाराचा दिवा किंवा फुलाच्या आकाराची खुर्ची तयार होते आणि तिला ‘निसर्गप्रेरित’ म्हटले जाते. निसर्गाकडून घेण्यासारखे याहून पुष्कळ आहे.

अभियांत्रिकी किंवा तंत्रनिकेतनात प्रकल्प करणारे विद्यार्थी, लहान वर्कशॉप चालवणारे उद्योजक, बांबू, माती किंवा कापडात काम करणारे कारागीर आणि बचत गट यांच्यासाठी हा लेख आहे. सांगायचे आहे ते थोडक्यात असे: सुरुवात माणसाच्या गरजेपासून करा, ती भागवण्याची युक्ती निसर्गात शोधा आणि तयार झालेली वस्तू वापरणाऱ्याच्या हातात देऊन तपासा. हा क्रम पाळला तर कमी पैशांतही टिकाऊ, उपयोगी वस्तू बनते.

उलट्या क्रमानेही शोध लागतात. जॉर्ज द मेस्त्राल हे स्वित्झर्लंडमधले अभियंते १९४१ मध्ये फिरून आले, तेव्हा त्यांच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना रानटी झुडपाची काटेरी बोंडे चिकटली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना बोंडांवरचे बारीक आकडे दिसले आणि त्यातून पुढे वेल्क्रो जन्माला आला. पण त्याचे पेटंट मिळाले १९५५ मध्ये. मधली वर्षे योग्य धागा आणि तो आकड्यांसारखा विणण्याची रीत शोधण्यात गेली. इतका वेळ आणि भांडवल प्रत्येकाकडे नसते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला गरजेपासून निघणारी वाट अधिक भरवशाची आहे.

१. गरज आधी डोळ्यांनी पाहा

रोजची गैरसोय माणसाच्या अंगवळणी पडते. मग विचारले तरी तो “काही अडचण नाही” असेच सांगतो. म्हणून प्रश्नावली नंतर न्या, आधी नुसते पाहायला जा. त्याच जागी सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी जा. परवानगी घ्या, हाताला काम असेल तर मदत करा, मध्ये मध्ये सल्ले देऊ नका.

लोकांनी स्वतःच करून घेतलेल्या सोयींकडे विशेष लक्ष द्या. विळ्याच्या मुठीला गुंडाळलेली चिंधी, डोक्यावरच्या पाटीखालची चुंबळ, बादलीच्या कडीवर चढवलेला रबरी नळीचा तुकडा, डगमगत्या शेगडीखाली सरकवलेली खापरी. मूळ वस्तू कुठे कमी पडली आणि वापरणाऱ्याला काय हवे होते, हे यांतून स्पष्ट दिसते. अशा प्रत्येक गोष्टीचा फोटो घ्या आणि वहीत एका वाक्यात कारण लिहा.

एका माणसाची नेमकी अडचण सोडवली की ती वस्तू अनेकांच्या उपयोगी पडते. अमेरिकेतले उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे साल काढायचे साधे हत्यार धरणेही त्रासाचे होते. त्यातून १९९० मध्ये ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ ही स्वयंपाकाच्या हत्यारांची मालिका बाजारात आली. जाड, मऊ आणि ओल्या हातातूनही न निसटणारी मूठ हे तिचे वैशिष्ट्य. ती मूठ निरोगी हातांनाही आवडली.

आपल्या देशातले याहून मोठे उदाहरण जयपूर फूटचे आहे. पाश्चात्त्य पद्धतीचे कृत्रिम पाऊल बुटात घालून चालण्यासाठी घडवलेले होते. आपल्याकडचा माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलात अनवाणी उतरतो. जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी या हालचाली समोर ठेवून रबर आणि लाकूड वापरून नवे पाऊल घडवले. खऱ्या पावलासारखे ते अनेक दिशांनी वळते, त्यामुळे खडबडीत जमिनीवर टेकते. दिसायलाही ते खऱ्या पावलासारखे असल्याने बुटात लपवावे लागत नाही. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराचा हात, डॉक्टरांचे शरीरशास्त्र आणि रुग्णाचे रोजचे जगणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून हे साधले.

२. गरज क्रियापदात मांडा

“मला चांगली पाण्याची बाटली बनवायची आहे,” असे लिहिले की डोळ्यांसमोर बाटलीच येते. त्याऐवजी “पाणी चार तास गार ठेवायचे आहे” असे लिहा. ‘चांगला झाडू’ऐवजी ‘बारीक धूळ न उडवता गोळा करणे’, ‘मजबूत पिशवी’ऐवजी ‘ओझे बोटांना न कापता वाहणे’ असे मांडा. वस्तूचे नाव बाजूला ठेवून काम लिहिले की उत्तराच्या वाटा वाढतात.

त्या वाक्याला परिस्थितीची जोड द्या. काम कुठे होते: उन्हात, पावसात की धुरात? करणारी व्यक्ती किती वयाची आहे? दिवसातून किती वेळा? हात ओले, तेलकट की मातीने भरलेले असतात? किती रुपयांपर्यंत वस्तू परवडेल? दुरुस्ती कोण करेल? ही उत्तरे एका पानात मावली पाहिजेत. पुढे भलतीकडे जाण्याचा मोह पडेल तेव्हा हेच पान तुम्हाला जागेवर आणेल.

३. तेच काम निसर्गात कोण करते, ते शोधा

आता प्रश्न असा: हे काम कोणता प्राणी, कोणती वनस्पती आधीपासून करत आहे? जिथे ती अडचण सर्वात बिकट आहे तिथे पाहिले तर उत्तर लवकर सापडते. पाणी वाचवण्याची रीत हवी असेल तर माळरानावरच्या निवडुंगाकडे आणि कोरफडीकडे पाहा. पाणी झटकून टाकायचे असेल तर धो-धो पावसात वाढणाऱ्या पानांकडे पाहा.

जपानच्या शिंकान्सेन रेल्वेची गोष्ट याच प्रकारची आहे. वेगवान गाडी बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जायची आणि दुसऱ्या तोंडातून मोठा आवाज होऊन बाहेर पडायची. आसपासच्या वस्तीला त्याचा त्रास होई. अभियंते एइजी नाकात्सु पक्षिनिरीक्षक होते. त्यांनी विचार केला: कमी रोधाच्या माध्यमातून जास्त रोधाच्या माध्यमात झटक्यात शिरणारा प्राणी कोणता? उत्तर होते खंड्या. तो हवेतून पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी फारसे उसळत नाही. प्रयोगांत तपासून त्याच्या चोचीच्या धर्तीवर ५०० मालिकेच्या गाडीचे लांब, निमुळते नाक घडवले गेले. ही गाडी १९९७ पासून ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागली. वीज घेणाऱ्या पँटोग्राफचा आवाज कमी करण्यासाठी घुबडाच्या पंखांच्या दातेरी कडेचा अभ्यास उपयोगी पडला. प्रश्न नेमका मांडलेला होता, म्हणून योग्य पक्ष्यांपर्यंत पोहोचता आले.

असा शोध घ्यायला परदेशी जावे लागत नाही. ‘आस्क नेचर’ या संकेतस्थळावर कामानुसार जीवांची माहिती मोफत मिळते. २००८ पासून ते चालू आहे. जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे किंवा प्राणिशास्त्राचे प्राध्यापक असे प्रश्न आनंदाने ऐकतात. गुराखी, मासेमार, मधपाळ आणि शेतकरी यांच्याजवळ वर्षानुवर्षांचे निरीक्षण असते. त्यांच्याकडून माहिती घेतली तर ती कोणाची, हे नोंदवा आणि पुढे श्रेयही द्या.

४. आकारामागचे कारण समजून घ्या

या टप्प्यावर बहुतेकांची घाई होते. निसर्गातला आकार लगेच उचलला जातो आणि तो का चालतो हे तपासायचे राहते.

अळू आणि कमळ यांचे पान नुसत्या डोळ्यांना मऊ दिसते. जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यावर असंख्य सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे बारीक कण आढळले. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवा अडकलेली राहते, म्हणून तो गोल होऊन घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. त्यांचा गाजलेला निबंध १९९७ चा. या तत्त्वावर बनलेला बाहेरच्या भिंतींचा रंग १९९९ मध्ये बाजारात आला.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पानावरचे मेण झिजले तर जिवंत पान ते पुन्हा तयार करते. तुम्ही भांड्यावर तसा लेप दिला आणि भांडे रोज तारेच्या घासणीने घासले गेले, तर लेप पुन्हा उगवणार नाही. म्हणून अशी युक्ती जिथे घासाघीस कमी आहे तिथेच वापरावी. सजीवाची रचना सहसा वाढत असते, भरून येत असते, बदलली जात असते. आपली वस्तू तसे करू शकत नाही. म्हणून झिजणारा भाग सुटा करता येईल आणि बदलता येईल, अशी सोय आधीच करा.

दुसरे उदाहरण झिंबाब्वेतल्या हरारे शहरातल्या ईस्टगेट सेंटरचे. वास्तुविशारद मिक पीअर्स यांनी वारुळापासून प्रेरणा घेऊन ही इमारत उभारली आणि ती १९९६ मध्ये खुली झाली. रात्रीची गार हवा आत खेळवून जाड बांधकाम थंड करायचे आणि दिवसा त्या गारव्याचा उपयोग करायचा, अशी तिची रीत आहे. पुढे वारुळांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा दिसले की वारुळाचे मुख्य काम हवेची देवाणघेवाण आहे आणि आतले तापमान बरेचसे आजूबाजूच्या जमिनीमुळे सांभाळले जाते. इमारत उत्तम चालते, कारण तिचे स्वतःचे भौतिकशास्त्र पक्के आहे. बोध हा की प्रेरणा कुठूनही घ्या, पण हिशोब आपल्या वस्तूचा करा.

कारण समजले की किती मोठा फरक पडतो, हे पुण्याच्या ‘आरती’ म्हणजे ॲप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटच्या कामात दिसते. गोबरगॅस म्हणजे शेण, असे समीकरण आपल्याकडे रूढ होते. डॉ. आनंद कर्वे यांनी मूळ प्रक्रियेकडे पाहिले. गॅस तयार करणारे सूक्ष्मजीव गुरांच्या पोटात राहतात आणि शेण म्हणजे पचून उरलेला चोथा. मग त्या सूक्ष्मजीवांना थेट पिष्टमय अन्नच का देऊ नये? खरकटे, खराब धान्य, टाकाऊ बिया घालून चालणारे छोटे संयंत्र त्यातून घडले. शेणावरच्या संयंत्राला लागणारी जागा आणि रोजचे शेण शहरातल्या घरात मिळणे कठीण. खरकटे मात्र प्रत्येक घरात असते. या कामाला २००६ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

कोकणात आंबा उतरवण्याच्या झेल्यातही हाच विचार आहे. देठ तुटला की आंब्यातून चीक ओघळतो, सालीवर डाग पडतात आणि फळ देठाकडून सडू लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने आंबा देठासह कापून जाळीत उतरवता येतो. फळाचा स्वभाव ओळखून हत्यार सुधारले, म्हणून नासाडी कमी झाली.

५. पूर्ण क्रम एका उदाहरणातून

समजा, रस्त्याकडेला पालेभाजी विकणाऱ्या मावशींसाठी काही करायचे आहे. पाहायला गेलात तर दिसेल की त्या सकाळपासून जुड्यांवर पाणी शिंपडतात, वर ओले गोणपाट टाकतात. तरी दुपारपर्यंत वरची मेथी मलूल होते आणि खालची सडू लागते. भाव उतरतो.

गरज क्रियापदात मांडू: पानांतले पाणी पानांतच टिकवायचे, पाटी गार ठेवायची आणि पानांवर पाणी साचू द्यायचे नाही.

आता कारण. तोडलेली भाजीही श्वसन करते आणि तिच्या पानांतून पाण्याची वाफ जातच राहते. मुळांचा पुरवठा मात्र तुटलेला असतो. पेशींतला पाण्याचा दाब घटला की पान मान टाकते. म्हणजे भोवतीची हवा दमट आणि गार हवी. आपले शरीर घामाने स्वतःला गार ठेवते: एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतली जाते. माठ याच तत्त्वावर चालतो, वाळ्याचे पडदेही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्षही तसाच: विटांच्या दोन भिंती आणि मध्ये ओली वाळू.

मग बुरूडकाम करणाऱ्या कारागिराबरोबर दुहेरी विणीची पाटी करून पाहता येईल. दोन विणींच्या मध्ये गोणपाट, त्याला तळाच्या छोट्या भांड्यातून सुती वातींनी पाणी मिळत राहील. आतली वीण भाजीला ओल्या गोणपाटापासून दूर ठेवेल. बाहेरची वीण विरळ, म्हणजे वारा लागेल आणि पाणी उडेल. वरून सावलीसाठी हलके झाकण.

हा नमुना तपासायचा तो असा. सारख्या वजनाच्या मेथीच्या जुड्या घ्या. काही नव्या पाटीत ठेवा, काही नेहमीच्या पाटीत ओल्या गोणपाटाखाली. दर दोन तासांनी वजन करा, आतले आणि बाहेरचे तापमान लिहा, किती पाणी लागले तेही नोंदवा. पाटी पाण्यासह डोक्यावर किंवा एसटीत नेता येते का, हे मावशींनाच विचारा. पाणी त्या कुठून आणतात, हेही पाहा.

आणि हद्द ओळखा. अकोला, जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती जोरात चालेल. मुंबई, रत्नागिरीच्या दमट हवेत पाण्याची वाफ कमी होते, त्यामुळे गारवाही कमी मिळतो. तिथे सावली आणि खेळती हवा यांवर भर द्यावा लागेल. जी युक्ती एका गावी सोन्यासारखी ठरते ती दुसऱ्या गावी निकामी असू शकते, हे विकताना गिऱ्हाइकाला सांगणे आपले कर्तव्य आहे.

६. नमुना स्वस्त, चाचणी कडक

पहिला नमुना पुठ्ठा, माती, बांबूच्या कामट्या, सायकलची ट्यूब यांचाच करा. दिसायला ओबडधोबड असला की लोक मोकळेपणाने दोष सांगतात. चकचकीत वस्तू पाहिली की भिडेखातर स्तुती करतात. पुढच्या टप्प्यात अवजारे हवीत तर जवळच्या फॅब लॅबची, म्हणजे संगणकचलित यंत्रे वापरू देणाऱ्या कार्यशाळेची, चौकशी करा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात हाताने काम करत शिकण्याची परंपरा आहे आणि फॅब लॅबही आहे. वस्तुरचनेचे रीतसर शिक्षण घ्यायचे असेल तर आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र म्हणून सुरू झालेले आयडीसी महाराष्ट्रातच आहे.

चाचणी घेताना पुढील गोष्टी पाळा.

- वस्तू वापरणाऱ्याकडे काही आठवडे ठेवा आणि तुम्ही जवळ उभे राहू नका. तुमच्यासमोर सगळे जपून वापरतात.
- बायका, पुरुष, मुले, वृद्ध यांच्या हातांची मापे घ्या. मूठ एकाच मापाची ठेवली तर अनेक लोकांना ती त्रास देते.
- धूळ, राख, साबण, पाऊस, उन्हात पडून राहणे आणि हातून खाली पडणे, या सगळ्यांतून वस्तू जाऊ द्या.
- एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.
- तुलना जुन्या वस्तूशी करा. माठापेक्षा महाग आणि माठाइतकेच गार पाणी देणारी वस्तू कोणी घेणार नाही.
- वापरणे कोणी थांबवले तर का थांबवले, हे आदराने विचारा. सर्वात मोलाची माहिती तिथेच मिळते.

७. पर्यावरणाचा हिशोब वेगळा मांडा

निसर्गापासून युक्ती घेतली म्हणून वस्तू आपोआप पर्यावरणस्नेही होत नाही. वेल्क्रो रानटी बोंडापासून सुचला, पण तो नायलॉनचा बनतो. म्हणून तीन प्रश्न स्वतंत्रपणे सोडवा: कच्चा माल कुठून येतो, वस्तू गावातल्या गावात दुरुस्त होते का, आणि आयुष्य संपल्यावर तिचे काय होते. वेगवेगळे पदार्थ एकमेकांना कायमचे चिकटवले तर ते सुटे करता येत नाहीत. त्याऐवजी खाचा, गाठी, स्क्रू वापरा. शक्य तिथे एकाच पदार्थात काम भागवा.

८. हक्क जपा, पण वेळेवर

निसर्गात असलेल्या गोष्टीचे पेटंट मिळत नाही. तिच्या तत्त्वावर बनवलेल्या नव्या वस्तूचे किंवा प्रक्रियेचे मिळू शकते. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. कल्पना पुरती पक्की झालेली नसेल तर तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. बाह्य रूपाची नोंदणी डिझाइन कायद्याखाली होते. ती आधी १० वर्षे आणि नूतनीकरणाने आणखी ५ वर्षे टिकते. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात सवलत आहे. पेटंट कार्यालय मुंबईतही आहे.

विद्यार्थ्यांनी एक काळजी आवर्जून घ्यावी: अर्ज करण्याआधी प्रकल्पाची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकू नका आणि प्रदर्शनात आतली रचना उघड करू नका. कल्पना आधीच जाहीर झाली तर तिचे नवेपण गेले असे धरले जाऊ शकते. आणि ज्ञान सर्वांसाठी खुले ठेवायचे ठरवले असेल, तर तेही विचारपूर्वक करा: मापे, साहित्य आणि कृती नीट लिहून प्रसिद्ध करा, म्हणजे दुसऱ्या गावचा कारागीर तसे बनवू शकेल.

सुरुवात आजच करता येईल. घरात, शेतात किंवा दुकानात एकाच माणसाला रोज होणारा एकच त्रास निवडा. आठवडाभर तो पाहा आणि एका वाक्यात लिहा. पुढच्या आठवड्यात तेच काम करणारे तीन जीव शोधा, त्यांची कारणे समजून घ्या आणि तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठ्याचा नमुना त्या माणसाच्या हातात द्या. तो माणूस नमुना परत द्यायला नाखूश दिसला, तर समजा की तुमची वस्तू तयार होऊ लागली आहे.